टाकी भरली

आमच्या वेबसाइटवर काही बदल दिसला, की समजावं आदल्या रात्री आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं होतं. संभाजीनगरात पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा पाहुण्यासारखं, न कळवता, रात्री दीड-दोनला. मोटर लावून टाकी भरेपर्यंत माणसानं करायचं काय? शेजारचे आजोबा हरिपाठ म्हणतात. मी लॅपटॉप उघडतो.

साइट आहे एका मुक्त सॉफ्टवेअरची. जुन्या फाँटमधला मराठी मजकूर ते युनिकोडमध्ये आणतं. फुकट आहे, कोड उघडा आहे, कुणीही यावं आणि आत डोकवावं. कुणी डोकावत नाही, तो भाग वेगळा. जुन्या फाँटांचा कारभार अजब होता. कृतिदेवमध्ये इंग्रजी डी दाबला की क उमटायचा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही नेमकं उलटं. वेलांटीला मागे ढकल आणि रफाराला पुढे ओढ, यात माझी चार वर्षं गेली. मजेत गेली. कोड लिहिणं म्हणजे लग्नात पंगत वाढणं, त्याला हौसेनं सगळे पुढे असतात. साइट सांभाळणं म्हणजे दुसऱ्या दिवशी भाड्याची भांडी मोजून परत करणं.

त्यामुळे साइटचा अवतार असा होता : ‘ताज्या घडामोडी’ खाली २०१९ सालची एकच घडामोड. नमुना म्हणून लावलेल्या चित्रात विंडोज सेव्हन. आणि ‘मोबाइल अॅप लवकरच’, ही पाटी लावली तेव्हा पहिलीत असलेली माझी पुतणी आता माझा पासवर्ड ओळखते.

हे असंच चाललं असतं, पण औरंगपुऱ्यातले एक डीटीपीवाले काका आमचं सॉफ्टवेअर वापरतात. एकदा त्यांचा सकाळी सातला फोन.

“अरे बाबा, चारशे पत्रिका छापून झाल्या. ‘सूर्यवंशी’चं ‘सूयर्वंशी’ झालंय. पाहुणे विचारायलेत, हे कुठलं नवीन कूळ?”

“काका, ती चूक मी दीड वर्षापूर्वीच दुरुस्त केलीय.”

“मग कुठं ठेवलीस?”

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. कोडमध्ये रफार जागेवर होता, पण साइटवरचं डाउनलोडचं बटण इमानदारीनं जुनीच आवृत्ती वाटत बसलं होतं. चारशे पत्रिकांवर काकांनी हातानं चिकटपट्ट्या लावल्या. मी लावू लागलो तर म्हणाले, “तू नको. तुझं जुनं व्हायलंय.”

त्यानंतर मी मनावर घेतलं. लिब्रेऑफिसवाल्यांनी २०२४ पासून आवृत्तीच्या आकड्यात साल आणि महिना घालायला सुरुवात केली, ७.६ नंतर एकदम २४.२, म्हणजे २०२४ चा फेब्रुवारी. दुधाच्या पिशवीसारखं. माल केव्हाचा आहे हे गिऱ्हाइकाला वरूनच कळतं. मीही ती पद्धत उचलली, आणि माझा आळस तेव्हापासून महिन्यावार जाहीर व्हायला लागला.

खरी मौज झाली गावाच्या नावाची. २४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्राची मंजुरी आली आणि शहराचं अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झालं. या मातीला नावं बदलायची सवय जुनी. मूळची खडकी, १६१० मध्ये मलिक अंबरनं इथं शहर वसवलं, मग त्याच्या मुलाच्या काळात फतेहनगर, मग औरंगाबाद. त्या काळी बरं होतं, संपर्काचं पान नव्हतं. मी एका जलरात्री सगळीकडचं नाव बदललं. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ते मावेना. वरच्या ओळीत ‘छत्रपती संभाजी’ आणि खालच्या ओळीत एकटं ‘नगर’. नगरच्या एका वापरकर्त्यानं अभिमानानं कळवलं, की आपलं ऑफिस आमच्याकडे हलवलंत, छान केलंत. ओळ दुरुस्त करेस्तोवर त्यांचंही अहिल्यानगर झालं.

आमच्या प्रकल्पात एक जर्मन गृहस्थ आहेत. बातम्यांच्या पानाचं इंग्रजी तेच करतात. त्यांची मेल आली : स्थलांतर सुखरूप झालं ना? नव्या शहरात घर चांगलं मिळालं का? मी लिहिलं, मी हललो नाही, घर तेच, टाकीही तीच, फक्त गाव बदललं. त्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला असावा. मग उलट टपाली प्रश्न : पुढचा बदल साधारण केव्हा अपेक्षित आहे?

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावून ठेवलंय, की वेबवरचा पत्ता असा बांधा की तो कधी बदलावा लागू नये. त्यात विषय, लेखकाचं नाव, स्थिती असलं काही घालू नका, ते सगळं बदलतं. मला वाटलं होतं हे तिकडच्या थंड हवेतलं शहाणपण. पण २०२५ च्या ऑक्टोबरात रेल्वे स्टेशनचंही नाव बदललं आणि त्याबरोबर स्टेशनचा कोडही. टिकला तो विमानतळाचा कोड : आयएक्सयू. त्यात ना औरंगाबाद, ना संभाजीनगर, ना खडकी. कुणालाच काही कळत नाही, म्हणून कुणी हात लावत नाही. मी आता साइटवरच्या पानांचे पत्ते त्याच धर्तीवर ठेवतो.

परवाच्या रात्री पाणी आलं. मी नवी आवृत्ती चढवत होतो. बदल साठवताना शेजारी एक ओळ लिहावी लागते, काय बदललं याची. मी लिहायला घेतलं आणि आतून आवाज आला, “अहो, टाकी भरली! वाहायलीय! मोटर बंद करा!” हात जे ऐकू आलं ते लिहून मोकळे झाले. मी एंटर दाबून गच्चीकडे पळालो.

जर्मनीत तेव्हा झोपायची वेळ झाली नव्हती. तिथं ते गृहस्थ नव्या आवृत्तीची वाटच पाहत बसले होते. डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्त्यांना टॉय स्टोरी सिनेमातल्या पात्रांची नावं असतात. आपल्यातही आता तशी प्रथा सुरू झाली म्हणून ते हरखले. मी सकाळी उठेपर्यंत त्यांनी पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, अवतरणात नाव लावलं होतं : ‘टाकी भरली’. बटण नव्या आवृत्तीचं होतं, तारीख बरोबर होती, रफार जागेवर होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा पानावर सगळं ताजं होतं.

नऊ वाजता काकांचा फोन आला.

“तुझ्या साइटवर बघितलं. तुमच्याकडं पाणी आलं का रे? आमच्याकडं नाही आलं.”