बेट लागलं की सांग

खडवलीच्या माणसाला बेटाचं अप्रूप असायचं कारण नाही. जुलैत भातसा चढली, पूल बुडाला, की पलीकडची गावं आपोआप बेटं होतात. तरीही आमच्या मामांच्या डोक्यात उरणचं बेट शिरलं. "आपलंच आहे ते," मामा म्हणाले. "१८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर उघड. उरण, कारंजा बेट, सगळं ठाण्यात. मागाहून पनवेलबरोबर कुलाब्याला देऊन टाकलं." कुलाब्याचा रायगड होऊनही चाळीस वर्षं उलटली, पण मामांचा सूर उसनं भांडं परत आणायला निघाल्यासारखा होता.

कसाऱ्याहून येणारी लोकल खडवलीला एका पायावर उभं राहण्यापुरती जागा देते. ठाण्याला दुसरा पाय खाली टेकला, ट्रान्स हार्बरने नेरूळ गाठलं आणि उरणच्या गाडीत शिरलो, तर डब्यात चक्क बसायला जागा! मामा दारातच थबकले. "यार्डात चाललीय का रे ही?" मग मी खिडकीजवळ आणि मामा माझ्यासमोर, दोघंही अवघडून बसलो. "बेट लागलं की सांग," असं बजावून मामांनी डोळे मिटले.

आता हे सांगणं सोपं नव्हतं. भूगोलाच्या पुस्तकात बेटाच्या चारी बाजूंना पाणी असतं. इथे आधी कांदळवन आलं, मग चिखल, मग एकावर एक रचलेले कंटेनर, मग भराव, मग पुन्हा कांदळवन. समोर टोपली घेऊन बसलेल्या आगरी मावशींना विचारलं, "मावशी, बेट कुठून सुरू होतं?" त्यांनी मला नीट न्याहाळलं. "कनचा बेट? उरान शेवटचा टेसन हाय. सगली उतरतीन, तवा तुमी पन उतरा." यापेक्षा अचूक भूगोल मला शाळेत कोणी शिकवला नाही.

एकेकाळी मात्र हे उरणचं, म्हणजेच कारंजाचं, बेट अगदी सरळ होतं. उत्तरेला मोऱ्याची टेकडी, दक्षिणेला द्रोणागिरी, मध्ये भातशेती आणि मिठागरं, आणि मुख्य भूमीकडे खाडी. मारुतीने संजीवनीसाठी नेलेल्या पर्वताचा तुकडा म्हणजे द्रोणागिरी, असं इथे सांगतात. (मारुतीच्या हातून महाराष्ट्रात इतके तुकडे सांडलेत, की लंकेला काय पोचलं असेल कोण जाणे.)

या बेटाची खरी कमाल पोर्तुगीजांनी ओळखली. मुंबई इंग्रजांच्या राजाला आंदणात गेली ती १६६१ च्या करारात. आंदण म्हटलं की रुसवेफुगवे आलेच: आसपासची बेटं त्यात धरलीत की नाही? इंग्रज म्हणाले धरलीत, पोर्तुगीज म्हणाले छे! आणि त्यांनी ठाण्याला व कारंज्याला बसून मुंबईच्या मालावर जकात उकळायला सुरुवात केली. जावयाला घर दिलं आणि फाटकावर वसुलीला बसले. पुढे वसईच्या मोहिमेच्या काळात हे बेट मराठ्यांकडे आलं, मग इंग्रजांनी घेतलं, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी, कारंजा ही बेटं त्यांच्याकडेच राहतील असं लिहून घेतलं. पुण्याच्या राजकारणात या चिखलाला एवढा भाव होता!

जकातीची परंपरा तुटलेली नाही. शिवडीहून आलेला अटल सेतू याच तालुक्यात, चिर्ल्याला उतरतो. तो आणि आमच्या रेल्वेचा खारकोपर ते उरण हा टप्पा, दोन्हींचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी झालं. सेतू सुरू झाला तेव्हा मोटारीला एका बाजूचे २५० रुपये होते. पोर्तुगीजांना हे जमलं नसतं.

एकोणिसाव्या शतकात उरणची ख्याती होती मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी. मुंबईची दारू इथून जायची. हे वाचल्यावर मामांची छाती फुगली. "म्हणजे बघ, दारू उरणची आणि पाणी आपल्या भातसेचं. मुंबईने केलं काय? नुसतं एकत्र केलं." यात शंभरेक वर्षांची गल्लत आहे, पण मामांच्या इतिहासात तेवढी सवलत असते.

नगरपरिषदेचं गाव तुम्ही पायी सहज पालथं घालाल. बाजारात सुकटीचा वास, रिक्षांची गर्दी, पीरवाडीचा किनारा. भोवती मात्र सगळं अगडबंब. बॉम्बे हायचं तेल समुद्राखालच्या नळातून इथे येतं, नौदलाचा शस्त्रसाठा इथे, आणि १९८९ पासून न्हावा-शेवाचं बंदर. जिथून देखावा चांगला, तिथे फोटोला बंदी. बंदरासाठी जमीन गेली ती आगरी, कोळी, कराडी लोकांची. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले आणि दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. हे ऐकताना मामा गप्प झाले. उरण परत मागायचा विषयही त्यांनी काढला नाही.

बेट शेवटी सापडलं ते मोऱ्याच्या धक्क्यावर. भाऊच्या धक्क्याकडे जाणारी लाँच बंद होती. पूल झाला, रेल्वे झाली, खाडी भरली, पण मोऱ्याच्या गाळापुढे अजून कोणाचं चालत नाही. मोठ्या ओहोटीला लाँचच थांबते. तेव्हा उरणला खुशाल रेल्वेने जा, पण मोऱ्याहून परतायचं असेल तर आधी पंचांगातली तिथी पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास रेल्वेचं परतीचं तिकीट काढून ठेवलेलं बरं.