खंदक, पंखा आणि ३०० ओहम

१७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे स्वार बंगालात घुसले आणि कोलकात्याला धडकी भरली. शहराभोवती घाईघाईनं खंदक खणायला घेतला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला आणि १७९९ मध्ये बुजवून त्याचा सर्क्युलर रोड झाला. संध्याकाळी सहाला त्या रस्त्यावर उभं राहून बघा. बसचे हॉर्न, कंडक्टरनं पत्र्यावर मारलेल्या थापा, मिनीबसची हाळी. आमच्या पूर्वजांना जमलं नाही ते या रस्त्यानं रोजच्या रोज करून दाखवलंय.

अशा शहरातला रॉकवेडा हेडफोन घ्यायला निघतो आणि मागतो काय, तर ओपन-बॅक! कानावरच्या वाटीची पाठ जाळीची. बंद वाटीत मागच्या बाजूचा आवाज आदळून परत कानात घुसतो, इथं तो बाहेर निघून जातो. त्यामुळे गिटार डोक्याच्या आत न वाजता जरा लांब, मोकळ्यावर वाजल्यासारखी वाटते. सुख आहे खरं. जर्मन सेनहायझरनं १९६८ साली एचडी ४१४ काढला तेव्हापासून लोक या सुखापायी खिसे रिकामे करताहेत. फक्त त्या जाळीतून जसं आतलं बाहेर जातं, तसंच बाहेरचं आत येतं. जर्मनीत बाहेर शांतता असते. आपल्याकडे बाहेर कोलकाता असतं.

त्यात हवा मध्यम किमतीचा, आणि मध्यम किंमत म्हणजे १५-२० हजार. ज्यानं हिला मध्यम ठरवलं त्याला किराण्याची यादी दाखवायला हवी. असो.

रॉकवाल्यांना एक भीती घातली जाते: ओपन-बॅकमध्ये बास नाही. बास गिटारची सगळ्यात जाड मोकळी तार वाजते ४१ हर्ट्झवर. ओपन-बॅकचा तळ सगळ्यात जास्त खचतो तो त्याच्याही खाली, आणि तिथं मुक्काम असतो डीजेवाल्यांचा, रॉकवाल्यांचा नाही. तेव्हा त्या भीतीला भीक घालू नका. ब्रुकलिनचा ग्रॅडो एसआर ८० गिटारला धार लावून देतो; तासाभरानं तीच धार कानाच्या पाळीलाही लागते. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० झांजा अशा वाजवतो की दात शिवशिवतात. सेनहायझरचा एचडी ५६०एस समंजस, कुणाचीच बाजू न घेणारा. मला विचाराल तर हाच घ्या. आणि तीनशे ओहमच्या, म्हणजे जोर लावल्याशिवाय न बोलणाऱ्या एचडी ६०० च्या नादी लागाल, तर मोबाइलवर तो कुजबुजेल, मग आवाजाला जोर देणारा अ‍ॅम्प येईल, अ‍ॅम्पमागून डिजिटल गाण्याचा सिग्नल करणारा डॅक येईल आणि घरात भांडण येईल.

इथल्याच, कोलकात्याच्या चांदनी चौकातल्या एका दुकानदारानं गिऱ्हाइकाला जाळी दाखवून सरळ विचारलं, “दादा, घरी पंखा बंद करून बसणार का?” मे महिना होता. गिऱ्हाईक खालमानेनं इयरफोन घेऊन गेलं. इतका प्रामाणिक सल्ला मी कुठल्याही तज्ज्ञाकडून ऐकलेला नाही.

शिवाय चांगला हेडफोन चुगलखोर असतो. मेटॅलिकाचा २००८चा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका ठासून, दाबून मास्टर केलाय की ड्रम फाटतात. ते फाटणं स्वस्त इयरफोनवर खपून जातं, इथं ढळढळीत कळतं. पैसे मोजून आपल्याच आवडत्या बँडचे दोष विकत घ्यायचे, ही रसिकता फक्त रॉकवाल्यांनाच परवडते. या शहराचा रॉक तर मुळातच गर्दीत वाढलेला. सत्तरच्या दशकात मोहीनेर घोडागुलि या बँडनं बाउल गाण्याच्या शेजारी गिटार आणून बसवली, १९९८ मध्ये फॉसिल्स हा बँड उभा राहिला, पार्क स्ट्रीटच्या समप्लेस एल्स या पबच्या टीचभर जागेत लोक ग्लास सावरत गिटार ऐकत आले. तिथं कुणी गिटार मोकळ्यावर वाजल्यासारखी वाटत नसल्याची तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

या शहरात ओपन-बॅकचा खरा मोसम एकच: डिसेंबरचा शेवट ते जानेवारी. पंखे बंद, खिडक्या बंद, रात्री साडेअकरानंतर पाडाही निजलेला. खरेदी मात्र सगळे करतात दुर्गापूजेच्या सेलमध्ये, सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे गल्लीतल्या मांडवाचा ढाक नावाचा ढोल आणि भोंगा थेट जाळीला तोंड लावून बसलेला असतो तेव्हा. वर बायको चहा ठेवता ठेवता म्हणते, “अहो, तुमचं ते आत काय किणकिणतंय ते इथपर्यंत येतंय, जरा बारीक करा.”