माणसाची लांबी शून्य

सरळसेवा भरतीचे कोणतेही मार्गदर्शक उघडावे, मग ते तलाठ्याचे असो की वनरक्षकाचे. त्याच्या अंकगणिताच्या भागात एक आगगाडी हटकून धावत असते. तिची लांबी 180 मीटर असते, वेग ताशी 54 किलोमीटर असतो, आणि 270 मीटर लांबीचा फलाट ती किती सेकंदांत ओलांडील, या एका विवंचनेने प्रश्नकर्त्यांची झोप उडालेली असते. उत्तर 30 सेकंद. गाडीच्या आणि फलाटाच्या लांबीची बेरीज करावी, ताशी किलोमीटरांस 5 ने गुणून 18 ने भागावे, आणि मोकळे व्हावे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील अभ्यासिकांमधून पहाटे दिवा लागल्यापासून रात्री तो मालवेपर्यंत ‘पाच भागिले अठरा’चा जप असा अखंड चाललेला असतो की, बाहेरून जाणाऱ्या भाविक माणसाने आत सप्ताह बसला आहे असे समजून पायांतील वहाणा काढाव्यात. प्रस्तुत लेखकाने या गणितांचे यथाशक्ति परिशीलन केले असून, त्यातून एक गोष्ट निःसंशय सिद्ध होते: वर्षानुवर्षे धावणाऱ्या या असंख्य गाड्यांपैकी एकही गाडी फलाटावर थांबत नाही. ती फलाट ओलांडते. कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही, निरोप द्यायला आलेली आई खिडकीशी धावत नाही. फलाट ही वस्तू गाडीने ओलांडून जाण्यासाठीच निर्माण केलेली आहे, अशी प्रश्नकर्त्यांची दृढ धारणा दिसते.

आता या मुलखाची हकीकत अशी की, 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा काढलेल्या आणि चौदा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्रफळाच्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचे स्थानक एकच, ते म्हणजे देसाईगंज. आणि त्यासही सारे वडसाच म्हणतात. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी जिल्ह्याच्या उत्तरेकडील कडेस जेमतेम शिवते आणि लगेच चंद्रपूर जिल्ह्यात शिरते. सिरोंच्याच्या मुलास वडसा दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर; त्यापेक्षा नदी उतरून तेलंगणात मंचेरियलला जाऊन आगगाडीचे दर्शन घेणे त्यास सोयीचे. तेव्हा एटापल्लीचा किंवा भामरागडचा उमेदवार ज्या वस्तूची लांबी, वेग आणि ओलांडण्याचा अवधी बिनचूक सांगतो, ती वस्तू त्याने बहुधा मोबाइलच्या पडद्यावरच पाहिलेली असते. उलट चंद्रपूर-बल्लारपुराकडच्या मुलाची अडचण निराळीच. त्याने गाड्या इतक्या पाहिलेल्या असतात की, पुस्तकातील गाडी त्याच्या मनास पटत नाही. फाटक पडलेले आहे, कोळशाची मालगाडी येते आहे, सायकलवर एक पाय टेकून तो डबे मोजतो आहे, मोजणी पन्नासाच्या पुढे गेली आहे, आणि ऐन वेळी गाडी फाटकावरच आचके देत उभी राहते. पाच मिनिटे, दहा मिनिटे, कधी त्याहूनही अधिक. या अवस्थेचे सूत्र कोणत्याही मार्गदर्शकात नाही. नागभीड-नागपूर ही नॅरोगेजची छोटी गाडी 2019 साली बंद झाली. तिच्या गतीवर एखादे उदाहरण घातले असते तर ते उमेदवारांना अनुभवाने सुटले असते. पण प्रश्नकर्त्यांस अनुभवाचे वावडे.

तथापि फलाटाचे गणित हे या शास्त्रातील केवळ पहिले सोपान होय. खरे तत्त्वज्ञान पुढच्या गणितात आहे. तेथे तीच गाडी रुळांलगत उभ्या असलेल्या एका माणसास ओलांडते, आणि हे उदाहरण सोडवताना एक पथ्य पाळावयाचे असते: माणसाची लांबी शून्य धरावयाची. विजेच्या खांबाची शून्य, मैलाच्या दगडाची शून्य, आणि माणसाचीही शून्य. चंद्रपुरातील एका शिकवणीत हा पाठ चालू असता, मागच्या बाकावरील एका मुलाने विचारलेला प्रश्न माझ्या कानांवर पडला. “सर, खांबाची शून्य धरली त समजते, पण माणसाची काहून धराची?” सर मोठे अनुभवी गृहस्थ, त्यांनी फळ्यावरून हातही उचलला नाही. “पेपरात येते म्हणून धराची. पुढचं घे.”

त्या मुलाची शंका किती रास्त होती हे त्याची दिनचर्या पाहिल्यावाचून कळणार नाही. पहाटे साडेपाचला तो मैदानावर असतो, कारण वनरक्षकाच्या भरतीत पुरुष उमेदवाराची उंची 163 सेंटिमीटर भरावी लागते, छाती 79 भरावी लागते आणि श्वास भरून ती आणखी 5 सेंटिमीटर फुगावी लागते. आदिवासी उमेदवारांस उंचीत काही सवलत आहे, पण फुगण्यात नाही. त्यानंतर पाच किलोमीटर धावावयाचे, आणि एवढ्यावर समाधान झाले नाही तर शेवटी चार तासांत 25 किलोमीटर चालून दाखवावयाचे. ज्या मुलाने बारावीपर्यंतचे शिक्षण पायी केले, ज्याचा बाप बाजारहाटास पायी जातो आणि ज्याची आजी दवाखान्यात पायी गेली, त्यास चालता येते की नाही हे सरकार घड्याळ लावून पाहते. हरकत नाही, पाहावे. टेप लावणारा कर्मचारी मोठा कर्तव्यदक्ष असतो, आणि अर्ध्या सेंटिमीटरासाठी मुलाच्या टाचा जमिनीस टेकल्या आहेत की नाहीत हे वाकून पाहतो. म्हणजे पहाटे साडेपाचला हा मनुष्य 163 सेंटिमीटर आहे, त्यात अर्ध्याचीही तूट चालावयाची नाही. आणि तोच मनुष्य साडेनऊला शिकवणीत येऊन बसला की त्याची लांबी शून्य. त्यास हे शून्यत्व मनोभावे मान्य करावे लागते, कारण त्याने आपली खरी लांबी गाडीच्या लांबीत मिळवली तर उत्तर चुकते आणि दोन गुण जातात. भरतीत निवड होण्यासाठी पहाटे छाती फुगवावी आणि साडेनऊला अस्तित्व पुसून टाकावे, ही साधना प्राचीन काळी ऋषिमुनींस अवगत होती असे म्हणतात; त्यांच्याकडून मात्र अर्जाचे शुल्क घेतल्याचा उल्लेख नाही. बरे, हाच मुलगा निवड झाल्यावर वनात जाऊन काय करणार? सागाच्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजणार. या मुलाची छाती दहा वेळा मोजली जाते, पण झाडाचा घेर कसा मोजावा, लाकडाचे घनमीटर कसे काढावेत, असा प्रश्न मी तरी या सराव-पुस्तकांत पाहिला नाही. बल्लारशाच्या लाकूड आगारात हे गणित रोज सुटत असते. तेथील मापे घेणाऱ्याने जर कधी सागाच्या ओंडक्याची लांबी शून्य धरली, तर सायंकाळच्या आत त्याचा पंचनामा होईल.

गणितातून पळून इंग्रजीच्या आश्रयास जावे तर तेथेही गाडी आधीच येऊन गेलेली असते. पूर्ण भूतकाळ शिकविण्यासाठी या देशात दोनच वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. पहिले, ‘तो स्थानकावर पोहोचण्यापूर्वी गाडी सुटली होती’. गणितात गाडी थांबत नाही आणि इंग्रजीत ती सुटलेली असते. या दोन विषयांत अशी एकवाक्यता असेल असे कोणास वाटले नसते. मुले ‘हॅड लेफ्ट’ घोकतात, ‘बिफोर’च्या मागे कोणता काळ आणि पुढे कोणता हे वहीच्या समासात बाण काढून लिहून ठेवतात, आणि गाडी काही केल्या सापडत नाही.

दुसरे वाक्य, ‘डॉक्टर येण्यापूर्वी रुग्ण मरण पावला होता’.

पुण्या-मुंबईच्या वर्गात हे वाक्य व्याकरणाचे उदाहरण आहे. इकडे पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेले आणि भामरागडचा रस्ता बुडाला, की बाळंतीण बाईस खाटेची कावड करून चिखलातून, नाल्यातून, चार माणसांच्या खांद्यावर आणावे लागते, आणि असे पावसाळे एक-दोन झालेले नाहीत. त्या चार माणसांपैकी एखादा उद्याचा उमेदवार असतो. त्याच्यापुढे हे वाक्य ठेवून, रिकाम्या जागी क्रियापदाचे योग्य रूप भरा, असे सांगण्याची छाती ज्यास होते, त्याचीही एकदा टेप लावून मोजणी व्हावी. भाषेत दुसरी क्रियापदे नाहीत काय? पाऊस येण्यापूर्वी धान घरात आले होते, असे म्हटल्याने पूर्ण भूतकाळ अपूर्ण राहतो काय? मला इंग्रजीचा राग नाही. इंग्रजी यावे, चांगले यावे. पण ज्या भागात मुलाची घरची भाषा माडिया, कोठे गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, आणि शाळेतील मराठी हीच ज्याने कष्टाने मिळविलेली दुसरी भाषा, त्यास तिसऱ्या भाषेत वाक्य शिकवावयाचे ते मृत्यूचे, आणि तेही डॉक्टर वेळेवर न आल्याचे! यात क्रौर्य नाही असे मला कोणी समजावून सांगावे.

असो. रागाने गणित सुटत नाही.

तलाठ्याच्या 2023 सालच्या परीक्षेचे मान पाहा: 200 गुणांपैकी 50 इंग्रजीचे आणि 50 गणित-बुद्धिमत्तेचे. म्हणजे निम्मी परीक्षा याच दोन विषयांची. आता तलाठ्याचे दफ्तर उघडावे. सातबारा मराठीत, फेरफार मराठीत, पंचनामा मराठीत. या दोन जिल्ह्यांत तर मालगुजारीचा वारसा आहे. गावोगाव माजी मालगुजारी तलाव आहेत, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे जुने दस्तऐवज आहेत, आणि कोणाच्या गुरांस कोठे चराई, कोणास सरपण कोठून, कोणाच्या बांधीस तलावाचे पाणी कोणत्या पाटाने, यावरून आजही तंटे होतात. 40 गुंठ्यांचा एकर, त्याचे हेक्टर-आर, तीन भावांची वाटणी, मध्ये एक बोडी म्हणजे लहान तळे, बोडीत चौथ्या चुलत भावाची वहिवाट, हे खरे तलाठ्याचे अंकगणित. त्यात रडणारी माणसे असतात आणि त्यांची लांबी शून्य धरता येत नाही. पण मार्गदर्शकात तलावाच्या जागी एक टाकी असते, तिला दोन नळ भरतात आणि तिसरा रिकामी करतो. तिसरा नळ उघडा कोणी ठेवला, याची चौकशी कोणी करीत नाही. वास्तविक महसुली कामकाजात पहिला प्रश्न तोच.

नदीची तीच कथा. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा यांच्या संगमावर डोंगा वल्हवीत वाढलेल्या मुलास, प्रवाहाच्या दिशेने आणि विरुद्ध दिशेने नाव किती वेगाने जाईल, हे विचारतात. त्याला ते रक्तातूनच ठाऊक असते, आणि म्हणूनच उत्तर चुकते. पुस्तकातील नदीस पूर येत नाही आणि त्याच्या नदीस परीक्षेच्याच सुमारास येतो. 2023 ची ती परीक्षा 17 ऑगस्टला सुरू होऊन सप्टेंबराच्या मध्यापर्यंत चालली होती. अंतर, काळ, वेग यांचे गणित सोडविण्यासाठी मुलाने आधी संगणक असलेल्या शहरापर्यंतचे अंतर, बस न आल्याने गेलेला काळ आणि वाटेतील नाल्याचा वेग यांचे गणित सोडवावयाचे होते. त्यास गुण नव्हते.

याच मुलाची आई उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून आणते आणि दुपारी ओसरीवर पुडके बांधीत बसते. एका पुडक्यात 70 पाने. बोलता बोलता, सुनेस रागावता रागावता, तिची बोटे 70 वर थांबतात. एक पान कमी नाही, एक जास्त नाही. तेंदू संकलनाच्या फळीवरचा मुन्शी एक हजार पुडक्यांची गोणी धरतो, 70,000 पाने. गोणीमागचा भाव, हातातील पुडके, मागील उचल वजा जाता शिल्लक किती, हा हिशेब ती मनातल्या मनात करते आणि मुन्शी चुकला तर त्याला तेथेच धरते. तिला कोणी बौद्धिक चाचणीस बसविलेले नाही. तिचा मुलगा आत बसून गाडी फलाट कधी ओलांडील ते पाहत असतो, आणि ती त्यास हाक मारीत नाही, कारण पोरगा अभ्यास करून राहिला आहे.

यावर विद्वानांचे उत्तर ठरलेले आहे: गणित आणि इंग्रजी ही केवळ निमित्ते होत, त्यांच्या योगे बुद्धीची कसोटी लागते. मान्य. परंतु तलाठ्याच्या ज्या परीक्षेच्या निकालात गुणांच्या सामान्यीकरणाच्या कृपेने काही उमेदवारांस 200 पैकी 200 हून अधिक गुण मिळाले, तिने दुसऱ्याच्या अंकगणिताची कसोटी घ्यावी हा विनोद उच्च प्रतीचा आहे. ते संख्याशास्त्र शुद्ध असेलही. सूत्र बरोबर असते, याविषयी माझी तक्रार कधीच नव्हती. गाडीचेही सूत्र बरोबरच असते.

माझी तक्रार शुल्काची आहे, आणि ती मी भेटेल त्यास ऐकवीत असतो. म्हणून एक उदाहरण मीही घालतो. 2023 च्या त्याच तलाठी भरतीत जागा 4,644, अर्ज दहा लाखांहून अधिक, खुल्या वर्गाचे शुल्क 1,000 रुपये आणि राखीव वर्गाचे 900. सर्वांकडून सवलतीचाच दर घेतला असे धरले आणि अर्ज केवळ दहा लाख धरले, तरी रक्कम किती होते? उत्तर 90 कोटी. याला 5 ने गुणून 18 ने भागावे लागत नाही. एका जागेमागे दोनशेंहून अधिक माणसे फलाटावर उभी आहेत, त्यांतील एकाची लांबी 163 सेंटिमीटर धरली जाईल आणि उरलेल्यांची पूर्वोक्त पद्धतीने. उपप्रश्न: नऊशे रुपये भरण्यासाठी आईस किती पुडके बांधावे लागतील, हे त्या वर्षाच्या भावावरून काढा, आणि तलाठी, वनरक्षक, पोलिस शिपाई व आरोग्यसेवक अशा चार भरत्यांचे अर्ज एकाच उन्हाळ्यात निघाले असता तिने जंगलात पहाटे किती वाजता निघावे, ते सांगा. पर्याय चार दिलेले आहेत. चुकीच्या उत्तरास गुण कापले जाणार नाहीत. शुल्क आधीच कापलेले आहे.