अण्णांची मोजणी

ह्यूस्टन

ती. सौ. आत्यास,


अमेरिकेत मॉलशिवाय काही बघायला मिळत नाही, अशी तुझ्या बंधुराजांनी तुझ्याकडे फोनवर तक्रार केल्याचं कळलं. म्हणून रविवारी त्यांना ब्रॅझोस बेंड स्टेट पार्कला नेलं. घरापासून तासाभरावर, सुमारे ५,००० एकरांचं रान, त्यात नदी, तळी, दलदल. आता जरा जास्तच बघायला मिळालं, अशी तक्रार आहे.

एल्म लेकच्या कडेने पायवाट जाते. ओकच्या फांद्यांवरून स्पॅनिश मॉसच्या राखाडी दाढ्या लोंबत होत्या. “बांडगूळ लागलंय सगळ्यांना,” अण्णांनी निकाल दिला. (ते अननसाच्या कुळातलं, झाडातून काही शोषत नाही. पण निकाल लागल्यावर अपील कोण करणार?) पुढे वळलो तर वाटेच्या कडेलाच अ‍ॅलिगेटर! चांगला लांबलचक, पाठीवरचा चिखल वाळून तडकलेला, जबडा अर्धा उघडा. डोळ्यापाशी माशी घोंघावत होती, पण ती हाकलायचेही कष्ट साहेब घेत नव्हते.

“कुंपण कुठाय?”

कुंपण नाहीच. नुसती पाटी: ३० फूट लांब राहा, खायला घालू नका. खायला मिळालं की त्याला माणसाची भीती उरत नाही आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. अण्णांनी पाटी दोनदा वाचली आणि ३० फूट पावलांनी मोजायला निघाले. सुरुवात कुठून? अ‍ॅलिगेटरपासून! हिने शर्ट धरून मागे ओढलं म्हणून निभावलं. सगळी नोकरी मोजणी खात्यात गेलेली. “मोजणी खुणेपासूनच करतात,” हे वर आम्हालाच.

पुढे माळाचा एक पट्टा जळून काळाठिक्कर. अण्णा वणवा, वणवा म्हणून ओरडायच्या बेतात. पण तो पार्कवाल्यांनीच पेटवलेला. झुडपं जळतात, गवताची मुळं खोल असल्याने ते पुन्हा फुटतं. टेक्सासच्या किनारपट्टीवर अशी मूळची कुरणं आता १ टक्काही उरलेली नाहीत. “म्हणजे आपली भाजावळच की!” हेतू वेगळा असला तरी अण्णांनी रेंजरबाईंना कोकणातली भाजावळ मालवणी इंग्रजीत समजावली. बाई मान डोलावत होत्या. काय कळलं देव जाणे.

खरा घोटाळा तळ्यावर झाला. इथल्या स्टेट पार्कांत काठावरून गरवायला लायसन लागत नाही, हे त्यांना कळलं. शेजारच्या गृहस्थाने कॅटफिश ओढला. “शिंगाळो! पण गोड्या पाण्यातलो, चव कसली!” असं नाक मुरडलं खरं, पण तेव्हापासून रोज चहाबरोबर विचारतात, गळ कधी आणतोस?

तुझ्याशिवाय ते कुणाचं ऐकत नाहीत. तेव्हा फोनवर दम दे: गळाला लागलेल्या माशावर अ‍ॅलिगेटर आला तर दोरी तोडायची, हक्क सांगत बसायचं नाही. आणि गोड्या पाण्यातल्या माशाला तिरफळं घालायची की नाही, तेही सांग. त्यावरून घरात दोन तट पडलेत.

तुझा,
बाळू