तीन पावलं मागे

मे महिन्यात धुळ्याचा पारा चव्वेचाळिशी ओलांडतो, डांबर चपलेला धरून ठेवतं, आणि अशा भर दुपारी जिभाऊ आपल्याला दिवाणखान्यात शेकोटीजवळ बसवतात. काळ्या ग्रॅनाइटच्या चौकटीत विजेच्या ज्वाळा नाचत असतात. त्या शोभायला तरी थंडी हवी, म्हणून समोरचा एसी अठरावर. पाहुण्याला हुडहुडी भरली की जिभाऊ समाधानानं विचारतात, "फील आला ना?"

जिभाऊ एकटे नाहीत, ती जमात आहे. एक धुळ्याच्या देवपूरला राहतो, जळगावच्या रिंग रोडला तर चार-पाच सापडतील; शिरपूर, अमळनेरलाही शोधायची गरज नाही. वडिलांची जिनिंग किंवा पंप-पाइपची एजन्सी, मुलगा पुण्याला, गुडघे अजून शाबूत. अशा निवांत वयात घरात इंटीरियर डिझायनर शिरतो. तोवर भिंतीला रंग देत होते. तो आल्यावर भिंत 'बोलायला' लागते. आमच्या जिभाऊंची एक भिंत इटालियन मार्बलची आहे. तिच्यावर चार कोनांतून प्रकाश पडतो आणि तिला खिळा मारायला बंदी आहे. छतातून झुंबर लोंबतं. ते पुसायला शिडी लागते, शिडी लावली की गालिचा चुरगळतो, म्हणून झुंबर दिवाळीलाच पुसतात. मखमली सोफ्याचं प्लास्टिक निघून दोन वर्षं झाली, पण घरातलं कुणी त्यावर अजून बसलेलं नाही.

घरातली माणसं मागे राहतात. मागच्या ओट्यावर खाट आहे, खाटेवर माय आहे. पुढे 'ओपन किचन' आहे, मधोमध ओटा, वर तीन दिवे. तिथे फक्त ग्रीन टी होतो. शेवभाजीची फोडणी एकदाच पडली होती, तेव्हा ठसक्यानं डिझायनर स्वतः बाहेर पळाला. वांगी भाजायला कपाशीच्या काड्या लागतात, आणि त्या कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हत्या. गच्चीवर समुद्रकिनारी असतात तशा दोन पांढऱ्या आरामखुर्च्या ठेवल्यात. मायनं त्यांवर बिबड्या वाळत घातल्या आणि म्हणाली, घर बांधल्यापासून पहिली कामाची वस्तू आली.

दरवर्षी नोव्हेंबरात जिभाऊ मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर 'आर्ट मुंबई'ला जातात. हे प्रदर्शन २०२३ साली सुरू झालं आणि जिभाऊंनी एकही वर्ष चुकवलेलं नाही. फेब्रुवारीत दिल्लीचा इंडिया आर्ट फेअर असतो. लग्नसराई आडवी आली नाही तर तोही. काळा कुर्ता, गळ्यात उपरणं नव्हे, स्कार्फ. पहिल्या खेपेला चित्राशेजारी लाल ठिपका दिसला. त्या दिवशी एकादशी होती; मांसाहारी समजून जिभाऊ पुढे सरकले. चित्र विकलं गेलं की लाल ठिपका लावतात, हे त्यांना तीन दालनांनंतर कळलं. आता ते तरबेज आहेत. चित्रासमोर जायचं, मग तीन पावलं मागे यायचं, हात पाठीशी, मान डावीकडे, एक दीर्घ "हं". कुणी बोलायला आलंच तर "आमचे राम सुतार" म्हणून सुरुवात करायची. त्यांचं गोंदूर धुळ्याला लागूनच, आणि १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा ज्यांनी घडवला ते गाववाले म्हटल्यावर समोरचा आपोआप अर्धं पाऊल मागे जातो.

पण हाडाचा व्यापारी गप्प बसत नाही. मार्च २०२५ मध्ये हुसेन यांच्या 'ग्रामयात्रा' या चित्राला न्यूयॉर्कच्या लिलावात ११८ कोटींच्या आसपास किंमत आली. सगळे रंगांबद्दल बोलत होते, जिभाऊंनी लांबी-रुंदी विचारली. लांबी चौदा फुटांच्या आत, रुंदी तीन फुटांच्या आत. खिशातला कॅल्क्युलेटर निघाला. "चौरस फुटाला तीन कोटी! देवपूरला कॉर्नरच्या प्लॉटलासुद्धा नाही."

त्यांची खरी परीक्षा मात्र रावेरच्या व्याह्यांनी घेतली. व्याही चार पिढ्यांचे केळीवाले. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची बातमी त्यांनी फ्रेम करून लावली आहे. त्यांच्या घरातली ती एवढीच फ्रेम. एकदा जिभाऊ त्यांना कला समजावायला बसले. मौरिझिओ कॅटेलान नावाच्या इटालियन माणसानं २०१९ साली मायामीच्या प्रदर्शनात एक केळं टेपनं भिंतीला चिकटवलं आणि एक लाख वीस हजार डॉलरला विकलं. २०२४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच कलाकृतीला बासष्ट लाख डॉलर आले.

व्याही बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जिभाऊ, हा भाव घडाचा का क्विंटलचा?"

"एका केळ्याचा."

"पाच वर्षं टिकलं?"

केळं सडलं की मालकानं नवं लावायचं, सोबत फक्त प्रमाणपत्र मिळतं, असं जिभाऊंनी सांगितलं.

"म्हणजे माल आपलाच, त्यांची नुसती पावती. आणि घेणाऱ्यानं काय केलं?"

"पत्रकार बोलावून खाल्लं."

व्याह्यांना पहिल्यांदाच त्या माणसाबद्दल आदर वाटलेला दिसला.

मुंबईला जाताना जिभाऊ चाळीसगावला गाडी बदलतात. स्टेशनाजवळच केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय. १९८९ साली गेलेला हा कलावंत जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर फारसा पडलाच नाही. टेबलावर साध्या वस्तू मांडून अख्खी दृश्यं उभी करायची आणि फोटो काढायचे. रोज रात्री मुंबईच्या गाडीची वाट पाहत, कुणीतरी येणार होतं म्हणून, असं तिथे सांगतात. जिभाऊ कैक वर्षं त्याच स्टेशनावर गाडीची वाट पाहत भजी खात होते. एकदा मी त्यांना हाताला धरून नेलं. अर्धा तास ते एक शब्द बोलले नाहीत. जिभाऊंच्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी घटना आहे. बाहेर पडल्यावर फक्त म्हणाले, "एवढं सगळं, आणि फॉल्स सीलिंग नाही!"

परवाच्या श्रावणात त्यांच्याकडे कानबाई देवी बसली. नागपंचमीनंतरचा रविवार, सगळी भाऊबंदकी जमलेली, मागच्या ओट्यावर माणूस मावेना. मायनं दिवाणखाना उघडायला लावला. सोफा भिंतीला गेला, गालिच्यावर गाद्या आल्या, चौरंग नेमका इटालियन भिंतीपुढे मांडला. नारळाची कानबाई नथ घालून बसली. व्याह्यांनी रावेरहून केळीचे खांब पाठवले होते. ते काही केल्या उभे राहीनात. खिळ्याला बंदी. मायनं जिनिंगमधून खाकी टेपचा रोल मागवला आणि केळीचा खांब, पानांसकट, भिंतीला सरळ चिकटवून टाकला.

जिभाऊ ओरडायला पुढे झाले. मग थबकले. तीन पावलं मागे आले, हात पाठीशी गेले, मान डावीकडे कलली.

"काय देखी राह्यना रे भो?" माय म्हणाली. "धर ते दुसरं टोक."