कमाल मर्यादा : ८ जीबी

जुनी इंदूरमधल्या एका वाड्यात, पूर्वी जिथे तांब्याचा बंब असायचा त्या कोनाड्यात, आता एचपीचा प्रोलायंट मायक्रोसर्व्हर एन४०एल बसला आहे. मालक निवृत्त आहेत आणि गल्लीत सगळे त्यांना काका म्हणतात. एका बंद पडलेल्या कार्यालयाचं सामान निघालं, तेव्हा ते खुर्च्या बघायला गेले आणि सर्व्हर घेऊन आले. काकूंना खुर्च्या हव्या होत्या. हा मुद्दा घरात अजून निकालात निघालेला नाही.

डबा तसा वाईट नाही. २०११ चं मॉडेल, दीड गिगाहर्ट्झचा दोन कोअरचा एएमडी ट्युरियन प्रोसेसर, चार डिस्कची जागा, रॅमचे दोन स्लॉट. "कंपनीनं याचा सपोर्ट कधीच बंद केला," असं पुतण्यानं सांगून पाहिलं. पण जुनी इंदूर ही होळकरांच्याही आधीची, राव नंदलाल मंडलोई जमीनदारांच्या काळची वस्ती. होळकरांचा राजवाडा १८०१, १९०८ आणि १९८४ असा तीनदा आगीत सापडून पुन्हा उभा राहिला, तरी काकांच्या लेखी तो नदीपलीकडचा, म्हणजे नव्या बाजूचाच. अशा माणसापुढे २०११ साल जुनं ठरवायचं, तर पुतण्याला वकील लावावा लागला असता.

सर्व्हरवर खानदानाचा सगळा ऐवज आहे. कॅसेटवरून उतरवलेली नाट्यगीतं, उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा, लग्नांच्या व्हीएचएस टेपा, आणि स्कॅन केलेले असे फोटो की ज्यांत डावीकडून तिसरे कोण यावर दर दिवाळीत वाद होतो. हे सगळं नीट राहावं म्हणून पुतण्यानं त्यावर ट्रूनॅस चढवलं. फाइली सांभाळायचं काम त्यात झेडएफएस करतं. झेडएफएस मोठं सावध. प्रत्येक तुकड्याबरोबर पडताळणीची खूण ठेवतं आणि वाचताना ती जुळवून बघतं. मात्र त्याला रॅम लागते, आणि भरपूर लागते. जे वारंवार वाचलं जातं ते हाताशी राहावं म्हणून मोकळी रॅम दिसली की ते आपलीशी करतं. ट्रूनॅसची किमान अपेक्षा ८ जीबीची. एन४०एलची माहितीपत्रकातली कमाल मर्यादा तीच, ८ जीबी.

म्हणजे एकाचं किमान तेच दुसऱ्याचं कमाल. असल्या बैठकी काकांनी लग्नं जुळवताना पुष्कळ पाहिल्या होत्या, त्यामुळे ते डगमगले नाहीत.

"ही आठाची मर्यादा ठरवली कोणी?" एवढंच त्यांनी विचारलं.

प्रश्न अडाणीपणाचा वाटतो, पण नेमका आहे. मायक्रोसर्व्हरच्या घराण्यातला पहिला, एन३६एल, २०१० चा. स्लॉट दोन, आणि अनबफर्ड जातीच्या रॅममध्ये तेव्हा सहज मिळणारी मोठी पट्टी ४ जीबीची. बे चोक आठ. कंपनी जे तपासू शकते तेच कागदावर लिहिते. जी पट्टी बाजारात नाही तिच्याबद्दल ती बोलत नाही. पुढे ४ गिगाबिटच्या चिपा रुळल्या आणि तशा सोळा चिपांची ८ जीबीची पट्टी सर्रास मिळू लागली. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरची अशा चिपांना ना नव्हती. कागद मात्र आठावरच राहिला. इंदुरातल्या नगर सेवेच्या गाडीवरही बैठक क्षमता लिहिलेली असते, आणि ड्रायव्हर ती कधी वाचताना दिसत नाही.

अशी उदाहरणं आणखीही आहेत. अॅपलचा २०११ चा मॅक मिनी कागदावर ८ जीबीचा, पण लोकांनी त्यात १६ घातली आणि तो मुकाट चालला. सिनॉलॉजीचा डीएस२२०प्लस कागदावर ६ जीबीचा. त्यातही लोकांनी मोकळ्या स्लॉटमध्ये १६ जीबीची पट्टी सरकवलीच.

पण सगळ्याच मर्यादा अशा कागदी नसतात, आणि इथं पुतण्यानं काकांना आवरलं ते बरं झालं. १९८१ च्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर वीस बिटांचा पत्ता देतो. वीस बिटांत दहा लाखांहून थोडे जास्त पत्ते बसतात. म्हणजे १ एमबी, आणि त्यातले ६४० केबी प्रोग्रामांच्या वाट्याला. तिथं हुज्जत घालून उपयोग नाही. बत्तीस बिटांचा साधा पत्ताही ४ जीबीपाशी संपतो. आणि एन४०एलला लागणाऱ्या डीडीआर३ रॅममध्येच १६ जीबीची अनबफर्ड पट्टी करायची तर ८ गिगाबिटच्या चिपा लागतात, ज्या त्या काळातल्या बऱ्याच कंट्रोलरांना ओळखताच येत नाहीत. म्हणून काकांनी लगेच "मग बत्तीसच करू की!" म्हटलं, तेव्हा पुतण्या पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला.

सोळा ठरले. पुतण्यानं ऑनलाइन शोधून सर्व्हरची वापरलेली रॅम मागवली, फारच स्वस्तात. पट्ट्या स्लॉटमध्ये झक्क बसल्या. बटण दाबलं, पंखा फिरला, आणि त्यापलीकडे काही घडलं नाही. पडदा काळा. काकूंनी स्वयंपाकघरातून "लागलं का भंगार?" असं विचारलं, ते काळजीनं होतं असं म्हणवत नाही.

काका पट्ट्या रुमालात गुंडाळून आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेले. दुकानदार पोरगेला होता. त्यानं पट्टी हातात घेतली, चिपांच्या रांगेच्या मधोमध बसलेल्या वेगळ्या चिपेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "अंकल, ये तो रजिस्टर्ड है. आपकी मशीन में नहीं चलेगी." मग लेबल दाखवलं. पीसी३-१०६०० आणि त्यापुढे 'आर'. हवी होती ती 'ई', म्हणजे अनबफर्ड ईसीसी, चुकलेला बिट स्वतःच सुधारणारी. दोन्हींचे पाय २४०, खाच एकाच जागी, त्यामुळे बसायला बसतात. पण रजिस्टर्ड रॅमशी, म्हणजे मधल्या त्या चिपेमार्फत, बोलणं या कंट्रोलरला येत नाही. मोठी डेटा सेंटरं जुने सर्व्हर काढतात तेव्हा रजिस्टर्ड रॅमचे ढीग बाजारात येतात, म्हणून ती स्वस्त. 'ई' थोडी निघते, म्हणून महाग. किती महाग, हे काकांनी घरी अजून सांगितलेलं नाही.

'ई' आली. पण एन४०एलमध्ये रॅम बदलणं हा हातासरशी उरकण्याचा प्रकार नाही. मदरबोर्ड तळाशी एका ट्रेवर असतो आणि ट्रे ओढायचा तर आधी विजेची जाड वायर, डिस्कची केबल, पुढच्या दिव्यांची केबल, पंख्याची केबल अशी एकेकीची समजूत काढून सोडवावी लागते. कंपनीचा एक उपकार मान्य केला पाहिजे : पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला स्क्रू आणि ते फिरवायची किल्ली लावूनच दिलेली आहे. ती जागेवर होती. आधीच्या कार्यालयात कुणी दार उघडलंच नसावं. आतली धूळही तेच सांगत होती. २०१७ ते २०२३ इंदूर स्वच्छतेत देशात सलग पहिलं आलं, पण ही बातमी या डब्यापर्यंत पोचली नव्हती. धूळ साफ करायला काकूंनी स्वतःचा जुना मेकअपचा ब्रश दिला, आणि त्याबदल्यात खुर्च्यांचा विषय पुन्हा काढला.

या वेळी पडद्यावर १६ जीबी दिसली. काका उठून गल्लीत सांगायला निघाले. पुतण्यानं त्यांना बसवलं. रॅम दिसते याचा अर्थ ती बरोबर आहे असा होत नाही. ईसीसीच्याही हातून निसटणारी चूक निघाली तर झेडएफएसची सगळी सावधगिरी तिच्यापायी वाया. म्हणून पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट लावलं. ते रॅमच्या प्रत्येक घरात ठरावीक नमुने लिहितं, परत वाचतं आणि जुळवतं. दीड गिगाहर्ट्झवर १६ जीबी तपासायला रात्र लागते. काका अधूनमधून उठून चुकांचा आकडा बघून येत होते. तो शून्यच होता. सकाळी पोहे-जिलबीच्या वेळीही शून्य. मग गल्लीत सांगायला परवानगी मिळाली.

ट्रूनॅस परत सुरू झालं आणि तासाभरात निम्म्याहून जास्त रॅम झेडएफएसनं गिळलेली दिसली. काकांना वाटलं, कुठेतरी गळती आहे. ती गळती नाही, तो स्वभाव आहे, हे पटवण्यात पुतण्याची दुपार गेली. मारवा मात्र आता पहिल्यासारखा अडखळत नाही. लग्नांच्या फोल्डरमधली चित्रं झरझर उमटतात, आणि डावीकडून तिसरे कोण हा वाद दिवाळीपर्यंत थांबायला तयार नाही.

बातमी नातेवाइकांत फिरली. जागा वाढली असा सगळ्यांचा समज झाला. रॅम वेगळी आणि डिस्क वेगळी, हे सांगत बसायला कुणाला वेळ होता? पुण्याच्या भाच्यानं मुलाच्या मुंजीचा फोर-के व्हिडिओ धाडला, बडोद्याहून साठीशांतीचे दोन भाग आले. डिस्का भरत आल्या. काकांनी चष्मा लावून माहितीपत्रक परत काढलं. डिस्क : जास्तीत जास्त २ टीबीच्या चार.

"हे सांगितलं कोणी?" काका म्हणाले, आणि पुतण्यानं मुकाट्यानं सिल्व्हर मॉलच्या त्या पोराला फोन लावला.