निबर हुरडा: उत्पत्ती, लक्षणे आणि वड्यात रूपांतर

ज्वारीला रविवार कळत नाही. प्रस्तुत विषयातली सगळी गुंतागुंत या एका गोष्टीतून निघते.

थंडीत शिरूर-दौंड पट्ट्यात हुरडा पार्ट्या सुरू होतात. पुण्याचे पाहुणे नगर रस्त्याने शिरूरकडे नाहीतर सोलापूर रस्त्याने दौंडकडे निघतात, तेही सुट्टी पाहून. ज्वारी मात्र पेरणी, पाणी आणि थंडी पाहून भरते. दाणा चिकात असताना त्याचा हुरडा होत नाही. पुढे त्यातल्या साखरेचं स्टार्च झालं की तो निबर होतो. खरा हुरडा मधल्या मोजक्या दिवसांचा, आणि त्या दिवसांत शनिवार-रविवार येईलच याची हमी पंचांगही देत नाही.

या भागात निबरपणाला भूगोलाचीही साथ आहे. घोड आणि भीमेचं पाणी पोचलं तिथं ऊस आला. हुरड्याच्या ज्वारीला उरला बांधाकडेचा तुकडा. तो एकाच दिवशी पेरलेला असल्यामुळे निबरही एकमताने होतो. (सहकाराच्या जिल्ह्यात एवढं एकमत अन्यत्र आढळत नाही.)

आता लक्षणं. कणसं भाजायच्या आगटीतून कणीस काढावं, गोणपाटावर चोळावं, फोलपटं फुंकावीत आणि मूठभर दाणे तोंडात टाकावेत. कोवळा दाणा दाताखाली मुकाट चिरडला जातो. निबर दाणा निसटून दाढेमागे दडतो आणि त्याच्या शोधाला जीभ पाठवावी लागते. शोध लांबला की पाहुणे गप्प होतात. यजमानाने ओळखावं. गूळभेंडी असो वा सुरती, अपवाद नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’ हा वाण काढला, पण वेळ टळली की त्याचंही तेच. विद्यापीठ वाण देतं, तारीख देत नाही.

पूर्वपक्ष म्हणतो, निबर कणसं म्हशीला घालावीत आणि पाहुण्यांना भेळ द्यावी. हे मत आळशी आहे. उत्तरपक्ष चुलीपाशी असतो आणि तो फार बोलत नाही:

“अवं, दाणं निबर झाल्यात.”

“होऊं द्या. पाव्हणं कवळं हायेत. वडं करू.”

कृती अशी. निबर दाणे गरम पाण्यात भिजत घालावेत. मग हिरवी मिरची, लसूण आणि जिऱ्याबरोबर जाडसर वाटावेत. गुळगुळीत वाटणाऱ्याला निबरपणाचं महत्त्व कळलेलंच नाही, कारण वड्याचा सगळा खुसखुशीतपणा त्या अर्धवट फुटलेल्या कण्यांत असतो. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे नुसतं वाटण तेलात सोडलं तर वडा होत नाही, तळलेला विखुरलेपणा होतो. म्हणून बेसन, तेही हात आखडून. कोथिंबीर, तीळ, मीठ. ओल्या फडक्यावर रुपयाएवढे थापून तळावेत, म्हणजे एका घासात जातात आणि दुसऱ्या हातातला चहा सांडत नाही. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी.

टीकाकार विचारतील, याला परदेशी आधार काय? आहे. मेक्सिकोच्या पिएद्रास नेग्रास गावात १९४०च्या दशकात इग्नासिओ अनाया यांच्याकडे सीमेपलीकडून अमेरिकन बायका खायला आल्या आणि आचारी जागेवर नव्हता, अशी कथा आहे. अनायांनी मक्याच्या तळलेल्या तुकड्यांवर चीज वितळवलं, मिरची टाकली आणि पदार्थाला नाव पडलं ते त्यांच्याच लाडक्या नावाचं, नाचो. आपल्याकडे वडा करणारीचं नाव वड्याला देण्याची पद्धत नाही. संयुक्त राष्ट्रांनीही २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, पण निबर हुरड्यासाठी एखादा तिमाही कालखंड राखून ठेवावा असं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

उरतो नैतिक प्रश्न: पाहुण्यांना सांगावं का? एका मतानुसार सांगू नये, फलकावर ‘खास हुरडा वडे’ असं लिहावं. दुसऱ्या मतानुसार सांगावं, पण दुसरी ताटली वाढल्यावर. व्यवहारात दुसरंच संकट उभं राहतं. पुढल्या वर्षी तेच पाहुणे गाडीतून उतरताच आगटीकडे न बघता वडे मागतात, आणि यजमानाला दोन ओळी मुद्दाम निबर होऊ द्याव्या लागतात. ठरवून केलेल्या फजितीला फजिती म्हणता येईल का, यावर चुलीपाशी एकमत नाही. यंदा त्या दोन ओळी पाखरांनी आधीच फस्त केल्या, त्यामुळे निर्णय पुढच्या हंगामावर गेला आहे.